काकांचे दोन जुने की दुकानातला एक नवा? वायरलेस स्टिरिओची गोष्ट

इअरफोन लावून ऐकत असाल तर आज एक विनंती. शक्य असेल तर ते काढा आणि घरात जो कुठला स्पीकर असेल त्यावर हा भाग लावा. कारण आजचा विषयच तो आहे.

मागच्या महिन्यात नाशिकहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. चार मिनिटांची. थोडक्यात सांगतो. पहिली नोकरी, पहिले दोन-तीन पगार जमलेले, आणि घरच्या हॉलमध्ये नीट स्टिरिओ लावायचा आहे. बाजारात बघून एक नवा स्पीकर पसंत केलाय, सोनोस कंपनीचा एरा १००. तेवढ्यात अमेरिकेतून काका परत आले. त्यांच्या सामानात त्याच कंपनीचे दोन जुने स्पीकर, प्ले वन नावाचे, २०१४ साली घेतलेले. काका म्हणाले, "अरे पैसे कशाला घालवतोस, हे घेऊन जा." बाबा म्हणतात, "अकरा वर्षांची जुनी वस्तू कशाला, नवीनच घे." आणि बाबांची आणखी एक अट आहे, त्यांचा कॅसेट डेक त्याला जोडता आला पाहिजे.

तर पोराचा प्रश्न असा: जुने दोन की नवा एक?

मी त्याला लगेच उत्तर पाठवणार होतो. टाईपसुद्धा केलं होतं. मग थांबलो. कारण हा प्रश्न फ्रीज किंवा पंख्याचा असता तर उत्तर सोपं होतं. वायरलेस स्पीकरच्या बाबतीत "जुना" म्हणजे नक्की काय जुनं, हेच आधी ठरवावं लागतं. आणि ते ठरवायचं तर गेल्या पंचवीस वर्षांत या वस्तूंचं काय काय झालं ते बघावं लागतं.

सुरुवात मात्र त्याही आधीपासून करू. १९३१ साल, लंडन. ॲलन ब्लमलाइन नावाचा एक तरुण इंजिनिअर ईएमआय कंपनीत कामाला. असं सांगतात, की तो बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. बोलपट नुकतेच आले होते. पडद्यावर नट डावीकडून उजवीकडे चालत जातो, पण आवाज येतो एकाच ठिकाणाहून. त्याला ते खटकलं. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्याने पेटंटसाठी अर्ज केला, आणि आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा बराचसा पाया त्या एका कागदात आहे. पुढे १९४२ मध्ये रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला. वय अवघं ३८. घरोघरी स्टिरिओ रेकॉर्ड वाजायला १९५८ उजाडावं लागलं.

यातली कामाची गोष्ट अशी, की स्टिरिओ म्हणजे दोन स्पीकरमधून मोठा आवाज नव्हे. दोन बाजूंनी जवळपास सारखा, पण किंचित वेगळा आवाज आला की मेंदू मधल्या रिकाम्या जागेत गायक उभा करतो. तिथे काहीच नसतं! भिंत असते, कॅलेंडर असतं. पण डोळे मिटले की गाणारी व्यक्ती बरोब्बर कॅलेंडरच्या जागी. तबला जरा उजवीकडे, हार्मोनियम डावीकडे.

आणि हे सगळं वेळेच्या फार बारीक हिशोबावर चालतं. आवाज एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, ३४ सेंटिमीटर. डोक्याच्या एका बाजूच्या कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जायला आवाजाला मिलिसेकंदही लागत नाही, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. आता डावा स्पीकर उजव्यापेक्षा एकच मिलिसेकंद उशिरा वाजला तर? मधला गायक उठून उजवीकडे जाऊन बसतो. आणखी उशीर झाला की डावा स्पीकर लावलाय की नाही असं वाटायला लागतं.

वायर असते तेव्हा हा प्रश्नच नसतो. दोन्ही वायरी एकाच ॲम्प्लिफायरमधून निघतात, वीज आपली धावते. वायर काढली की दोन वेगळे डबे, दोघांच्या पोटात दोन वेगळी घड्याळं, आणि दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडायचं. बँडवाल्यांना विचारा, समोर मास्तर असून जमत नाही. वायरलेस स्टिरिओचा इतिहास हा मुळात ही दोन घड्याळं जुळवण्याचा इतिहास आहे.

ती जुळवायचे दोन रस्ते निघाले. एक ब्लूटूथचा, दुसरा वाय-फायचा. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी पहिला आहे, म्हणून आधी तो.

ब्लूटूथचं काम स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत नव्वदच्या दशकात सुरू झालं. १९९८ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून त्याची संघटना केली. मूळ कल्पना फोन आणि कॉम्प्युटरमधल्या वायरी काढण्याची. गाणी वाजवण्याचा नियम नंतर आला, त्याचं नाव ए-टू-डीपी. या नियमात एक फार शहाणपणाची अट आहे: एसबीसी नावाची एक साधी आवाजभाषा प्रत्येक यंत्राला यायलाच पाहिजे. बाकी कितीही भारी भाषा येवोत, ही आलीच पाहिजे. त्यामुळे काय होतं, की २०१० सालचा ब्लूटूथ स्पीकर आजच्या नव्याकोऱ्या फोनला जोडा, वाजतो. कंपनी बुडालेली असली तरी वाजतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, खातं लागत नाही, इंटरनेट लागत नाही.

पण! आणि हा "पण" मोठा आहे. तो नियम एका फोनकडून एका स्पीकरकडे जाण्यापुरता होता. एकाच वेळी दोन स्पीकरना डावं-उजवं वाटून द्यायची सोय त्यात नव्हती. मग प्रत्येक कंपनीने आपापली युक्ती काढली: फोन एका स्पीकरशी बोलतो, आणि तो स्पीकर दुसऱ्याला पुढे पाठवतो. ही युक्ती कंपनीच्या घरची, त्यामुळे ती बदलणं कंपनीच्या हातात.

जेबीएलचं उदाहरण घ्या, कारण फ्लिप मालिकेतला एक तरी स्पीकर तुम्ही कुठल्या तरी सहलीत बघितलेला असणार. आधी त्यांची जोडी लावायची पद्धत होती कनेक्ट. मग २०१७ च्या फ्लिप फोरमध्ये आली कनेक्ट प्लस. २०१९ च्या फ्लिप फाइव्हमध्ये पार्टीबूस्ट. २०२५ च्या फ्लिप सेव्हनमध्ये ऑराकास्ट. आणि फ्लिप फोरची फ्लिप फाइव्हशी जोडी लागत नाही. फ्लिप सिक्सची फ्लिप सेव्हनशी लागत नाही. एकाच कंपनीचे, दिसायला सख्खे भाऊ, पण बोलणं बंद!

म्हणजे किती जणांचं असं झालं असेल बघा: आधी एक घेतला, दोन वर्षांनी पगार वाढल्यावर दुसरा घेऊ आणि स्टिरिओ करू असं ठरवलं, आणि दुसरा घ्यायला गेलो तेव्हा दुकानात पुढचं मॉडेल. माझंही असंच झालंय. कंपनी वेगळी होती, नाव नको. माझे ते दोन स्पीकर आज दोन वेगळ्या खोल्यांत राहतात.

गंमत म्हणजे याच मालिकेत जुन्यात असलेल्या काही गोष्टी नव्यात गेल्या. फ्लिप फोरमध्ये ऑक्सचं भोक होतं आणि आत दोन छोटे ड्रायव्हर, म्हणजे एका डब्यात डावं-उजवं. फ्लिप फाइव्हमध्ये ऑक्स गेलं आणि ड्रायव्हर एकच राहिला. आवाज भरदार झाला, पण एकटा असताना तो मोनो. आता वीतभर डब्यातल्या स्टिरिओने फारसा फरक पडतो असं माझं मत नाही. ऑक्स गेलं याचं मात्र मला वाईट वाटतं. पुढे फ्लिप सेव्हनमध्ये यूएसबी-सी वायरने गाणी वाजवायची सोय केली त्यांनी, म्हणजे वायर काढली, काढली, आणि मागच्या दाराने परत आणली.

ऑराकास्टबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी. तो ब्लूटूथच्या संघटनेचा सगळ्यांसाठीचा नियम आहे, एका यंत्राने कितीही जणांना एकाच वेळी आवाज पाठवायचा. म्हणजे निदान कागदावर तरी तो एका कंपनीच्या मर्जीवर नाही. प्रत्यक्षात वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर स्टिरिओत किती गुण्यागोविंदाने नांदतात, ते घ्यायच्या आधी दुकानात दोन्ही समोर ठेवून बघायचं.

आता दुसरा रस्ता, वाय-फायचा. काकांचे स्पीकर या रस्त्यावरचे.

ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून जातं. म्हणून फोन घेऊन खाली दूध आणायला गेलात की वर गाणं तुटतं. वाय-फाय स्पीकरमध्ये बहुतेक वेळा फोन हा फक्त रिमोट असतो. गाणं स्पीकर स्वतः इंटरनेटवरून आणतो. म्हणजे त्याला स्वतःचं डोकं असतं. छोटा कॉम्प्युटरच म्हणा. त्यामुळे दोन स्पीकर आपापसात बोलून घड्याळं फार नीट जुळवू शकतात. आणि त्यामुळेच पुढचं सगळं रामायण झालं.

२००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावात जॉन मॅकफार्लेन आणि त्याच्या तीन साथीदारांनी सोनोस कंपनी काढली. घरभर वायरी न ओढता सगळ्या खोल्यांत एकच गाणं एकाच ठेक्यात वाजावं, हे स्वप्न. तेव्हा आयफोन नव्हता, स्पॉटिफाय नव्हतं, घरातलं वाय-फाय लंगडत चालायचं. २००५ च्या सुरुवातीला त्यांचं पहिलं यंत्र बाजारात आलं, झेडपी१००. बरोबर स्वतःचा रिमोट, त्यावर रंगीत पडदा आणि गोल फिरवायचं चाक. पुढे स्मार्टफोन आले आणि रिमोटचं काम ॲपने घेतलं. २००९ मध्ये त्यांचा पहिला सगळं-एका-डब्यात स्पीकर आला, तोच पुढे प्ले फाइव्ह. आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये प्ले वन, अमेरिकेत १९९ डॉलरला. काकांचे हेच.

याच काळात दुसरेही होते. स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीने २००१ मध्ये नेटवर्कवरून गाणी वाजवणारा डबा काढला, २००३ मध्ये त्याची बिनवायरची आवृत्ती, स्क्वीझबॉक्स. हे यंत्र तुमच्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅममधून गाणी घ्यायचं, आणि तो प्रोग्रॅम पहिल्यापासून ओपन सोर्स, कोणीही उघडून बघावा, दुरुस्त करावा. ॲपलनेही २००४ मध्ये एअरपोर्ट एक्स्प्रेस नावाचा भिंतीला खोचायचा डबा काढला, त्याच्या ऑक्सला आपला जुना ॲम्प्लिफायर जोडायचा. बोसचे साउंडटच स्पीकर २०१३ मध्ये आले. (हो, तेच बोस. संस्थापक अमर बोस यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, ब्रिटिशांना चुकवून अमेरिकेत गेलेले. त्यावर वेगळा भाग करू कधीतरी.) आणि २०१५ मध्ये गूगलने ३५ डॉलरची एक चकती आणली, क्रोमकास्ट ऑडिओ. कुठल्याही स्पीकरच्या ऑक्समध्ये खुपसा, तो वाय-फाय स्पीकर झाला.

आता या सगळ्यांचं पुढे काय झालं ते ऐका. मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो.

स्पीकर या वस्तूचे दोन भाग समजा. गळा आणि डोकं. गळा म्हणजे कोन, चुंबक, डबा, ॲम्प्लिफायर. चांगला गळा वीस-तीस वर्षं आरामात टिकतो. तुमच्या आजोबांच्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर अजून वाजत असेल. फोमची कड असेल तर ती भुगा होते, कोकणातल्या दमट हवेत तर लवकरच, पण ती बदलून मिळते. डोकं म्हणजे चिप, मेमरी, ॲप, आणि कंपनीचा दूर कुठेतरी असलेला सर्व्हर. ते गळ्याच्या कितीतरी आधी म्हातारं होतं. आणि तुमचं डोकं दुखलं तर तुम्ही डॉक्टरकडे जाता, स्पीकरचं डोकं दुखलं तर तुम्हाला कंपनीकडे बघत बसावं लागतं.

सोनोसने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये योजना काढली: जुनं यंत्र द्या, नव्यावर ३० टक्के सूट घ्या. म्हणजे "द्या" असंही नाही. ॲपमध्ये जाऊन ते "रिसायकल मोड"मध्ये टाकायचं. एकदा टाकलं की २१ दिवसांची उलटी मोजणी सुरू, आणि त्यानंतर ते यंत्र कायमचं बंद. चालू, धडधाकट यंत्र! भंगारवाल्याकडे गेल्यावरही कोणाला ते वापरता येऊ नये अशी व्यवस्था. डिसेंबरमध्ये ही गोष्ट सोशल मीडियावर पसरली आणि लोक भडकले. काही आठवड्यांत, जानेवारी २०२० मध्ये, कंपनीने आणखी जाहीर केलं, की सगळ्यात जुन्या यंत्रांना मे महिन्यापासून नवे अपडेट मिळणार नाहीत, आणि ती घरात असतील तर त्यांच्याबरोबर जोडलेल्या नव्या यंत्रांनाही नाहीत. म्हणजे एका म्हाताऱ्यासाठी सगळं घर थांबणार. दोन दिवसांत कंपनीचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांना जाहीर माफी मागावी लागली. शेवटी जून २०२० मध्ये वाटण्या झाल्या: जुन्यांसाठी एस-वन नावाचं ॲप, नव्यांसाठी एस-टू. रिसायकल मोड त्याआधीच काढून टाकला होता.

इथे आपल्या नाशिककराच्या कामाची बारीक गोष्ट आहे. पहिला प्ले फाइव्ह एस-वनमध्येच राहिला. पण प्ले वन एस-टूमध्ये चालतो. म्हणजे २००९ चा आणि २०१३ चा, चार वर्षांचा फरक, पण त्यांच्यामधून भिंत गेली. दोघंही दिसायला "जुने सोनोस". ओएलएक्सवर दोघांचं वर्णन एकाच शब्दात असतं.

कोणी म्हणेल, मग नवं घेतलं की सुटलो. तर मे २०२४ बघा. सोनोसने आपलं ॲप संपूर्ण नव्याने लिहून सोडलं. त्यात गजर नव्हता, झोपायच्या वेळी आपोआप बंद व्हायची सोय नव्हती, पुढच्या गाण्यांची रांग नीट लावता येत नव्हती, घरातल्या हार्डडिस्कवरची गाणी शोधता येत नव्हती. आदल्या दिवशी नवा स्पीकर विकत घेतलेल्यालाही तोच त्रास आणि दहा वर्षं वापरणाऱ्यालाही तोच. दृष्टिहीन वापरकर्त्यांचे हाल तर विचारू नका. जुनं ॲप परत आणता येईल का हेही कंपनीने तपासलं, पण तोवर मागचे सर्व्हरच बदलले होते. दुरुस्तीवर दोन ते तीन कोटी डॉलर खर्च होतील असं कंपनीनेच सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये स्पेन्स यांना जावं लागलं. म्हणजे गळे सगळे शाबूत, डोक्याचं ऑपरेशन फसलं.

क्रोमकास्ट ऑडिओची गोष्ट तर मला परीकथेसारखी वाटते, उलट्या अर्थाने. विक्री २०१९ च्या सुरुवातीलाच थांबली होती, पण घरोघरी वाजत होत्या चकत्या. ९ मार्च २०२५ ला जगभर एकदम बंद! हॅकिंग वगैरे काही नाही. ती चकती खरी आहे हे फोनला पटवून देणारं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. त्याची मुदत दहा वर्षांची होती, ती संपली. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी दहा वर्षं म्हणजे पुष्कळ असं समजून तारीख टाकली असणार. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण त्याआधी ज्यांनी घाईघाईत फॅक्टरी रिसेट केलं त्यांची जास्त पंचाईत झाली. कंपनी एवढी मोठी नसती, किंवा तिने खांदे उडवले असते, तर त्या लाखमोलाच्या चकत्या बटणं म्हणून शर्टाला लावायच्या.

बोसने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की साउंडटचची सर्व्हरची सेवा पुढच्या फेब्रुवारीत बंद. बटण दाबून इंटरनेट रेडिओ लावायची सोय जाणार. आरडाओरडा झाल्यावर तारीख मे महिन्यापर्यंत पुढे ढकलली, आणि बाहेरच्या प्रोग्रॅमरना वापरता येतील अशी तांत्रिक कागदपत्रं खुली केली. पण बघा, ज्या साउंडटचना ऑक्स आहे, ब्लूटूथ आहे, ते त्यानंतरही वाजणार. डोक्याचा एक कप्पा गेला, गळ्याकडे जायची दुसरी वाट होती.

आणि स्क्वीझबॉक्स? लॉजिटेकने ती कंपनी २००६ मध्ये विकत घेतली, २०१२ मध्ये ही यंत्रं बनवणं थांबवलं, २०२४ मध्ये सर्व्हरही बंद केला. कागदावर मेलेली वस्तू. पण तो प्रोग्रॅम ओपन सोर्स होता ना! वापरणाऱ्यांनी तो चालू ठेवला, आता त्याचं नाव लिरियन म्युझिक सर्व्हर. रास्पबेरी पायवर टाकतात आणि वीस वर्षं जुने डबे आजही गातात. ॲपलच्या एअरपोर्ट एक्स्प्रेसचंही असंच, २०१८ च्या एप्रिलमध्ये विक्री बंद केली आणि ऑगस्टमध्ये त्याच बंद पडलेल्या वस्तूच्या दुसऱ्या पिढीला एअरप्ले टूचं अपडेट दिलं. असं का केलं ते ॲपलच जाणे. पण त्याच ॲपलच्या पहिल्या होमपॉडची जोडी २०२३ च्या दुसऱ्या होमपॉडशी लागत नाही, दिसायला जवळजवळ सारखे असले तरी. आणि त्यांना ऑक्सही नाही.

तर हे सगळं डोक्यात ठेवून मी नाशिकला परत व्हॉइस नोट पाठवली. माझीही चार मिनिटांच्या वरच झाली.

पहिलं, काकांचे दोन्ही घे. कारण तुला हॉलमध्ये स्टिरिओ हवाय. प्ले वन एकेकटा मोनो आहे, पण दोन सारखे आहेत, आणि सारख्या दोघांचीच स्टिरिओ जोडी लागते. हे सगळ्यात महत्त्वाचं. दोघांना सहा-सात फुटांवर ठेव, समोर तेवढ्याच अंतरावर बस. एरा १०० मध्ये दोन ट्वीटर आहेत, दोन दिशांना तोंड केलेले, कंपनी त्याला स्टिरिओ म्हणते आणि आवाज खरंच छान पसरतो. पण वीतभर रुंदीचा डबा तो. मधल्या कॅलेंडरच्या जागी गायक उभा करायचा तर दोन डबे लांब लांबच पाहिजेत. एक नवा हा दोन जुन्यांना या बाबतीत हरवू शकत नाही, मग तो कितीही नवा असो.

दुसरं, प्लगमध्ये लावायच्या आधी खालचं लेबल वाच. अमेरिकेत ११० ते १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. लेबलवर १०० ते २४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. नुसतं १२० असेल तर हात लावू नको. ही सवय परदेशातून आलेल्या प्रत्येक वस्तूला लाव, फक्त स्पीकरला नाही.

तिसरं, काका घरात आहेत तोवरच त्यांच्या खात्यातून ते मोकळे करून घे, रिसेट करून तुझ्या खात्यात आण. काका परत गेल्यावर पासवर्डसाठी रात्री-अपरात्री फोन करावे लागतील. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर हे विकणाऱ्याच्या समोर, त्याच्याच घरी, दोन्ही वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि तुझ्या राउटरचं २.४ गिगाहर्ट्झ चालू ठेव. हा जुना माणूस ५ गिगाहर्ट्झवर बोलत नाही.

काय मिळणार नाही तेही सांगितलं. प्ले वनला ब्लूटूथ नाही. एअरप्ले नाही. मित्र घरी आला आणि "थांब, माझ्या फोनवरून लावतो" म्हणाला की वायफळ खटपट. खोलीप्रमाणे आवाज जुळवून घ्यायची सोय प्ले वनला आयफोन हातात घेऊनच करावी लागते, एरा १०० ते स्वतःच्या माइकने करतो. हे खरे फायदे आहेत नव्याचे, नाकारायचं कारण नाही. आणि प्ले वनचं डोकं आज एस-टूमध्ये आहे, कायम राहील असं कोणी लिहून दिलेलं नाही. फुकटात मिळतायत म्हणून हा धोका परवडतो. हेच दोन कोणी नव्याच्या निम्म्या किमतीला विकत असता तर मी नको म्हणालो असतो, कारण त्यांना ऑक्स नाही. ज्या दिवशी डोकं गेलं त्या दिवशी चांगल्या गळ्याचे ते दोन पेपरवेट.

आणि इथेच बाबांचा कॅसेट डेक येतो. बाबा बरोबर बोलत होते, फक्त कारण वेगळं होतं. अकरा वर्षं जुना म्हणून नको असं नाही. आत यायला दुसरं दार नाही, हा खरा आक्षेप. प्ले वनला कॅसेट डेक जोडताच येत नाही. एरा १०० ला येतो, वेगळा छोटा अडॅप्टर घेऊन. आणि दोघं एकाच ॲपमध्ये असल्यामुळे एरा १०० ला जोडलेल्या डेकचा आवाज या दोघांतूनही काढता येतो.

म्हणून मी त्याला म्हटलं, पगार आत्ता खर्च करू नको. सहा महिने काकांच्या जोडीवर गाणी ऐक. तोवर बाबांना विचार, कॅसेट खरंच ऐकायच्यात की डेक नुसता जोडून ठेवायचाय. ऐकायच्या असतील तर पुढे दोन वाटा. एक, एक एरा १०० घे. दुसरी मला स्वतःला जास्त आवडते: साधे वायरवाले पॉवर्ड स्पीकर, मागे दोन-तीन इनपुट असलेले. एकात डेक, दुसऱ्यात एखादा स्वस्तातला ब्लूटूथ किंवा वाय-फाय रिसीव्हर. डोकं वेगळं, गळा वेगळा. डोकं म्हातारं झालं की हजार-दोन हजारांत नवं, गळा तोच. फक्त मग डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये एक वायर येते, आणि आईला ती हॉलमध्ये चालणार आहे का, हे मी नाशिकच्या बाहेरून सांगू शकत नाही.

परवा त्याचं उत्तर आलं. प्ले वन लागले. लेबलवर १०० ते २४० होतं. पिन बदलून आणली. पहिल्या संध्याकाळी त्याने बाबांना सोफ्याच्या बरोबर मधे बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, "गाणारा कुठे आहे?" बाबांनी डोळे न उघडता बोट केलं. टीव्हीच्या थोडंसं वर, घड्याळाकडे.

कॅसेटची खोकी अजून माळ्यावर आहेत. रविवारी काढणार आहेत म्हणे.

तुमच्या घरी असा कुठला जुना स्पीकर अजून वाजत असेल, किंवा डोकं जाऊन नुसता गळा उरला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. मॉडेलचं नाव आणि मागच्या बाजूचा फोटो जोडा, म्हणजे ऑक्स आहे का ते मला बघता येईल.